बंडोपंत माप घेतात

शनिवार, ७ फेब्रुवारी

आलो एकदाचे. सामानाचा टेम्पो सकाळीच आला. हमालांनी कपाट जिन्यात असं काही अडकवून ठेवलं की वरच्या-खालच्या सगळ्या बिऱ्हाडांशी पहिल्या तासातच आमची ओळख झाली. घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाल्कनी एवढीशी की एक खुर्ची ठेवल्यावर दुसऱ्या माणसाने आत यायचं असेल तर आधी विचारावं. ती खुर्ची बाबांनी आल्या आल्या बळकावली. उभी हयात टपाल वाटत पायी हिंडलेला माणूस. त्यांना वरून रस्ता बघायला मिळाला आणि स्वारी खूश. खालून एक टपालवाली सायकलवरून गेली तर तिने थैली कशी चुकीची अडकवली आहे ते मला पंधरा मिनिटं ऐकावं लागलं. त्यांनी स्वतः ती तीस वर्षं डाव्या खांद्यावर अडकवली. तो खांदा आजही उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आहे. आई म्हणायची, यांचा शर्ट वाळत घातला की दोरीच वाकडी वाटते.

सोमवारपासून नवी नोकरी. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. बाबा शेजाऱ्यांना सांगून मोकळे झालेत की आमची मुलगी दिवसभर खेळते आणि वर त्याचा पगार घेते. बोलताना चेहरा अगदी गंभीर, म्हणून लोकांना खरंच वाटतं.

खिडक्या पूर्वेला आहेत. सगळ्या घरात ऊन आहे. बरं वाटतंय.

सोमवार, ९ फेब्रुवारी

ऑफिस एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो. आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे मावशी म्हणतात. वय चाळिशीच्या आतलं, म्हणून मी जरा चक्रावले होते. पण दुपारी त्यांनी आपला डबा उघडून मला आग्रहाने वाढलं आणि दुसऱ्या घासाला माझं लग्न का झालं नाही हे विचारलं, तेव्हा नावाचा उलगडा झाला.

मला रंगीत ठोकळ्यांचा एक गेम दिलाय. त्यातल्या ससुल्याला प्रत्येक भिंतीवर नेऊन आपटायचं आणि तो कुठून आरपार जातो का बघायचं. दिवसभर भिंतीवर डोकं आपटलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, टपालखात्यात आम्ही वेगळं काय करत होतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

एक गोष्ट मुलाखतीत कुणी विचारली नव्हती आणि मीही सांगितली नव्हती. मला भीतीचे गेम खेळता येत नाहीत. भुताखेतांचे सिनेमे मी पापड खात बघते. तिथे पळणारी बाई दुसरीच असते. गेममध्ये मात्र मागे लागलेला असतो तो माझ्याच मागे, आणि पळायचं की नाही हे माझ्या बोटांवर असतं. आणि माझी बोटं नेमकी तेव्हाच संपावर जातात.

आज मावशींनी ससुल्या काढून घेतला आणि कंपनीचा मोठा गेम पुढ्यात ठेवला. बंद पडलेला कपड्यांचा कारखाना. आपण आत अडकलेलो. बाहेर पडायची वाट शोधायची. आणि आत तो फिरत असतो. मापवाला.

लिहिताना हसू येतंय, पण दुपारी येत नव्हतं. उंच, काटकुळा, कंबरेत वाकलेला माणूस. अंगात वास्कूट, गळ्यात मापाची टेप, कानामागे खडू. चेहऱ्याच्या जागी काही नाही. इस्त्री केलेल्या कापडासारखं सपाट. तो पळत नाही. आपण चालत राहिलो, नुसती मान वळवत राहिलो, हात हलवत राहिलो तरी तो आपल्याकडे ढुंकून बघत नाही. पण थांबलो की येतो. मागून टेप ताणल्याचा आवाज होतो, फट्. मग कानाशी खालच्या पट्टीत एकच शब्द: खांदा. मग बाही. छाती. कंबर. शेवटी गळा. गळ्याचं माप झालं की खेळ संपला, आणि शेवटच्या दालनात हँगरवर एक नवा कोट लटकलेला दिसतो. आपल्या मापाचा. आत आपण.

मध्येच हललो तर तो निघून जातो. पण पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू करत नाही, राहिलं होतं तिथून पुढे घेतो.

मी पहिल्याच फट्ला गोठले. पाचही मापं ठोकळ्यासारखी देऊन मोकळी झाले. दिवसभर तेच. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या कधी ते कळलंही नाही, आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी चहा सांडला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मावशी रागावल्या नाहीत. उलट त्यांनी उपचारच सुरू केलेत. म्हणाल्या, भीतीच्या पोटात शिरायचं असेल तर आधी तिची चड्डी-बनियन बघून घे. पहिला दिवस आवाज बंद करून खेळायचं. दुसऱ्या दिवशी आवाज चालू, पण पडदा वहीएवढा छोटा. आणि आज मला चित्रकाराकडे पाठवलं.

चित्रकाराला सगळे पेन्सिल म्हणतात. तो दिसतोही तसाच. मापवाला त्याचीच निर्मिती. त्याने संगणकावर त्याला उघडून दाखवलं. रिकाम्या करड्या जागेत दोन्ही हात पसरून उभा, कवायत चुकलेल्या पोरासारखा. पेन्सिलने त्याला गोल फिरवला, उलटा केला, आतून दाखवला. आत पोकळ. आवाज कुणाचा विचारलं तर कळलं की हिशेबनीसांना सर्दी झाली होती तेव्हा त्यांच्याकडून पाच शब्द वदवून घेतले.

चेहरा का नाही, हेही विचारलं. त्याने बरेच चेहरे काढून बघितले होते, म्हणाला, पण प्रत्येक वेळी तो कुणासारखा तरी दिसायचा. सपाट ठेवल्यावरच तो तो झाला.

आणखी एक सांगितलं त्याने, जे मला माहीत नव्हतं. कारखान्यात लपलेली इतरही माणसं आहेत. दोघं स्तब्ध असतील तर तो जवळच्याकडे आधी जातो. एवढीच त्याची अक्कल, असं म्हणून पेन्सिल हसला.

शेवटचा उपचार म्हणजे त्याचं बारसं. मावशींनी अट घातली होती, नाव असं हवं की ऐकून चहात बिस्कीट बुडवावंसं वाटेल. मी बंडोपंत ठेवलं. त्याचं चित्र छापून घरी आणलं आणि बाबांना दाखवलं. बाबांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, माणूस कामसू दिसतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

जिंकले! बंडोपंतांना चुकवून कारखान्याबाहेर पडले. युक्ती एकच, थांबायचं नाही. भीती वाटते ती वाटू दे, पाय चालू ठेवायचे. दुपारनंतर तर मी मुद्दाम त्यांच्या आजूबाजूला घिरट्या घालत होते. फट् झालं की मी म्हणायची, या पंत, बसा. अख्खं ऑफिस हसत होतं. मावशींनी सगळ्यांना भजी मागवली.

इतकी वर्षं ज्याला घाबरले ते एवढंच होतं. घरी येईपर्यंत जिना दोन-दोन पायऱ्या चढले.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी विचारलं, बाल्कनीला पडदा कधी लावलास. लावलेला नाही. त्यांना बाजूने एक काळा पडदा खाली येताना दिसत होता.

त्यांचा उजवा डोळा तरुणपणीच गेलेला आहे. जे काही जग दिसतं ते डाव्यातून. तशीच रिक्षा केली. डॉक्टरीणबाईंनी तपासून लगेच सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय, उद्याच ऑपरेशन.  परत येताना बाबा रिक्षातून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, एक-एक.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं. पण खरी परीक्षा आता आहे. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय, तो आतून पडदा दाबून धरतो. बुडबुडा जागेवर राहावा म्हणून बाबांनी मान खाली घालूनच राहायचं. बसताना, निजताना, जेवताना, सतत. पाय मोकळे करायला थोडं चाललं तर चालेल, पण मान खाली आणि धक्का अजिबात नको. डॉक्टरीणबाई समोरच्याच इमारतीत राहतात. नऊ तारखेला दुपारी स्वतः घरी येऊन बघतील आणि मगच मान वर करायला सांगतील.

आतल्या खोलीत खुर्ची, पुढे छोटं टेबल, त्यावर उशी. उशीवर कपाळ टेकून बाबा बसतात. पाठमोरे, न हलता. हलत्या माणसाला असं बसलेलं बघवत नाही.

मावशींनी मला घरून काम करायला सांगितलंय. ऑफिसचं यंत्र बाहेरच्या खोलीत मांडलंय. खुर्चीतून मला बाबांची पाठ दिसते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

कामात एक गंमत झाली. बंडोपंत गायब आहेत. कारखानाभर हिंडले. मुद्दाम थांबले, हात बांधून उभी राहिले. कुणी येत नाही. नुसती रिकामी दालनं, त्यांत दिवे लुकलुकतायत. चूक म्हणून नोंदवली: पात्र हजर नाही. पेन्सिलने उलट कळवलं, पंत रजेवर गेले असतील, तू फार छळलंस त्यांना. त्याच्याकडे तपासलं तर सगळं जागच्या जागी आहे म्हणे.

बाबा कंटाळलेत. त्यांना पेपर वाचून दाखवते. मान खाली असल्यामुळे आवाज उशीतून येतो, विहिरीतून आल्यासारखा.

सोमवार, २ मार्च

दुपारी जेवताना बाबा म्हणाले, शिंपी चांगला शोधलास.

मी विचारलं, कोण शिंपी. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. सकाळी मी कामात असताना आला होता म्हणे. हात गार होते पण सफाईदार. बडबड्या नव्हता. टेप लावली, खांदा म्हणाला, थोड्या वेळाने बाही म्हणाला, आणि बाबांना पाठीला कळ लागून ते जरा सरकले तसा निघून गेला. बाबा खूश होते. निवृत्त झाल्यापासून अंगावर नवं काही शिवलेलं नाही. त्यांना वाटलं डोळा बरा झाल्याच्या आनंदात मी कोट शिवून घेतेय.

दाराला आतून कडी होती. सकाळभर मी बाहेरच्या खोलीतच होते, कानाला हेडफोन लावून, पण तोंड आतल्या दाराकडेच.

औषधांनी भास होतात. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. होऊ शकतात, म्हणाल्या. मी त्यांना तो काय म्हणाला ते सांगितलं नाही. बाबांना मी खेळाच्या गोष्टी सांगितल्या असणार. मापांबद्दल सांगितलं होतं का, आठवत नाही. सांगितलं असेल.

मंगळवार, ३ मार्च

सांगितलं नव्हतं. बाबांनाच विचारलं. त्यांना फक्त ते चित्र आठवतंय.

आणि आज त्यांचा बनियन बदलताना खांद्याच्या शिवणीवर खडूची रेघ दिसली. बारीक, पांढरी, सरळ. दुसरी काखेपासून मनगटापर्यंत, कातडीवरच. ओल्या कापडाने पुसली तर गेली. बोटाला खडू लागला.

आमच्या घरात खडू नाही.

चित्र फाडून कचऱ्यात टाकलं. मग कचरा खाली नेऊन टाकला.

हेडफोन लावलेले नाहीत. आज ऐकलं. भर दुपारी, रस्त्यावर शाळेची मुलं ओरडत असताना. आतल्या खोलीतून. फट्.

धावत गेले. बाबा तसेच बसलेले, अवघडलेला खांदा चोळत. म्हणाले, छाती झाली.

गुरुवार, ५ मार्च

गेम उघडला. उघडायचा नव्हता, पण बघायचं होतं. मापवाला नाहीच. सरळ शेवटच्या दालनात गेले. तिथे नेहमी तीन कोट असतात. आज चौथा हँगर आहे. त्यावर अर्धवट शिवलेला कोट. गळा नाही, खाली कंबरेशी कच्चे टाके.

डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. दोन बोटं.

पेन्सिलला फोन केला आणि त्याच्या यंत्रावर बघायला सांगितलं. त्याने ते दालन उघडलं. मग त्याने विचारलं, हा कोट कुणी केला. त्याने केलेला नव्हता. तो म्हणाला, असा उतरता खांदा हाताने काढायला त्याला आठवडा लागला असता.

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

शुक्रवार, ६ मार्च

मावशी आल्या. आधी मला जेवायला घातलं, मग ऐकून घेतलं, मग म्हणाल्या तुला झोपेची गरज आहे, आणि बाबांशेजारी जाऊन बसल्या. बोलत होत्या, विणत होत्या. दोन तास काही झालं नाही. मग सुया ठेवून जरा भिंतीला टेकल्या. डोळे मिटले असतील.

ओरडल्या नाहीत. नुसत्या बाहेर आल्या आणि मला आपला उजवा खांदा दाखवला. कुर्त्यावर पांढरी रेघ. मावशींचं तोंड त्या खडूसारखंच झालं होतं.

त्या दाराजवळ बसल्या होत्या. बाबांपेक्षा अलीकडे.

त्यांनीच पेन्सिलला फोन करून सांगितलं, तो पुसून टाक. सगळीकडून. संध्याकाळपर्यंत त्याने मूळ चित्रं, हालचाली, आवाज, सगळं पुसलं. कंपनीला काय सांगायचं ते मावशी बघून घेणार आहेत. जाताना त्या म्हणाल्या, बाबांना घेऊन माझ्याकडे चल. डॉक्टरीणबाईंना विचारलं. गाडीचे धक्के नकोत, निदान सोमवारपर्यंत नकोच, म्हणाल्या.

मावशींना मीच म्हटलं, परत येऊ नका. त्यांना घरी दोन मुलं आहेत. त्या रडल्या. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं नाही. बाबांना सोडून एवढं लांब जाता येत नाही.

शनिवार, ७ मार्च

पुसून काही झालं नाही. उलट — आता त्याला परत जायला जागाच उरली नाही, असं वाटतं. पूर्वी येऊन जायचा. आज सकाळपासून इथेच आहे.

बघितला. स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले तर बाबांची वाकलेली पाठ, आणि तिच्यावर दुसरी पाठ वाकलेली. लांब. खिडकीतून ऊन येत होतं आणि ते त्याच्या वास्कुटावर पडलं होतं, त्याचे धागे दिसत होते. टेप बाबांच्या कंबरेभोवती होती.

मी गोठले. पहिल्या दिवसासारखी, दारात. पाण्याचा तांब्या हातात. बाबा म्हणाले, आलीस का ग.

मग हलले. टाळ्या वाजवल्या, तांब्या फेकला. तो हटला नाही. ज्याचं माप चाललंय त्याने हलायला हवं. म्हणून बाबांना धरून ओढलं. त्यांची मान हिसकली —

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. बुडबुडा जागेवर आहे. अजून एक असा हिसका आणि डोळा गेला, म्हणाल्या. माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती मला कळते.

कंबर झाली आहे. खडू होता.

बाबांचा फक्त गळा राहिलाय.

शनिवार, संध्याकाळी

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. म्हणाले, मग मी आपला चालत राहतो. मान खाली घालून दोघं खोलीत फेऱ्या मारतोय, मी त्यांना धरून. ते हसत म्हणाले, हे तर माझं जुनंच काम. पण आता पाय थरथरतात. बसले की झोप लागते. झोपेत कोण हलतं.

मी त्यांचा हात धरून हलवत राहते. रात्रभर हलवेन.

रविवार, ८ मार्च

हात हलवला तरी डुलकी लागते. मलाही. जाग आली तर टेप बाबांच्या मानेपासून वीतभर —

पेन्सिल काय म्हणाला होता. जवळच्याकडे आधी.

माझी खुर्ची आता दार आणि बाबा यांच्यामध्ये आहे. बाबांकडे पाठ. मी हात मांडीवर ठेवले आणि थांबले. मुद्दाम. ज्याला घाबरले ते एवढंच होतं असं मी लिहिलंय मागे, ते खोटं होतं. मला फक्त पळता यायला लागलं होतं.

तो आला. चेहरा अगदी समोर. कापडाचा वास, इस्त्रीचा. खांदा. गार हात. मी मनात बंडोपंत म्हणत राहिले. काही उपयोग झाला नाही. तरी हलले नाही.

बाही.

मग सहन झालं नाही, उठले. तो दारापाशी गेला आणि उभा राहिला. वाट बघत. बाबांना तेवढ्यात तासभर झोप मिळाली.

पुन्हा बसले. छाती.

सोमवार, ९ मार्च

पहाटे कंबर. बाबा झोपले होते. छान घोरत होते.

आता दोघांचा गळाच राहिलाय. त्यांचा आणि माझा.

मावशींचा फोन. पेन्सिलला घेऊन निघाल्यात. नको म्हटलं होतं. डॉक्टरीणबाई दुपारी येणार. म्हणजे आता. बाबांना एकदा मान वर करता आली की ते पळू शकतील. ते अजून माझ्यापेक्षा भरभर चालतात.

त्यांना सांगितलंय, पावलं वाजली तरी मान वर करायची नाही, बाई सांगतील तेव्हाच. आणि मग मागे न बघता त्यांच्याबरोबर खाली जायचं. त्यांनी विचारलं, आणि तू. मी म्हटलं, येतेच.

तो दारात आहे. लिहितेय तोवर तो माझ्याकडे बघत नाही — माझ्या खांद्यावरून पलीकडे — बाबा जागे आहेत पण हलत नाहीत. थकलेत. हात हलवा म्हटलं, ते म्हणतात हलवतोय. हलत नाहीये.

फट्

तो मला ओलांडून —

जिन्यात कुणीतरी चढतंय. अजून दोन मजले. मी लिहिते आहे म्हणून तो बाबांकडे वळलाय, पण अजून माझ्या खुर्चीशीच आहे. लिहिणं थांबवलं की मीच जवळची. भीती आहे. असू दे. पेन खाली ठेवतेय, बाबा, मान वर करू न